ॲडमिनने मेसेज काढला. पण का काढला?



या आठवड्याचा व्हिडिओ व्यवसायाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. ग्रुप कसा बनवायचा, कॅटलॉग कसा लावायचा, ऑर्डर कशा घ्यायच्या, हे सगळं त्यात आहे. शेवटी मी जाता जाता एक वाक्य बोललो, "ॲडमिनने मेसेज काढला तर कारण सांगायलाच पाहिजे." आणि नेमके त्याच वाक्यावर फोन आले. बहुतेकांचं म्हणणं एकच. "सर, ग्रुप मी बनवला. कोणाला ठेवायचं, काय काढायचं, ते मी ठरवणार. त्याचा हिशेब कोणाला कशाला द्यायचा?"

माझं मत स्पष्ट आहे. हिशेब द्यायचा. ठरवायचा अधिकार तुमचाच आहे, तो कोणी काढून घेत नाही. पण गुपचूप वापरलेला अधिकार धंद्यात महाग पडतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून हे झालेलं आहे, आणि त्याचे पैसे मी नाही, दुसऱ्या माणसाने भरले. व्हिडिओत हे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितो.

माझ्या हातून काय झालं

लॉकडाऊनच्या काळात मी कर्जत-खालापूर भागातल्या छोट्या व्यावसायिकांचा एक ग्रुप सुरू केला होता. दोनशेच्या आसपास माणसं होती. घरगुती जेवण देणाऱ्या ताया, टेम्पोवाले, मंडपवाले, नर्सरीवाले, धोबी, फार्महाऊसवाले. आपल्या भागाचं गणित तुम्हाला माहीत आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, पावसाळ्यात तर जास्तच, आणि एका फार्महाऊसच्या बुकिंगवर सात-आठ घरं चालतात. सगळा व्यवहार तोंडी आणि उधारीवर. आधी जेवण जातं, पैसे मागाहून येतात.

एका सोमवारी सकाळी दहिवलीतल्या एका ताईंचा मेसेज आला. अमुक फार्महाऊसवर तीन शनिवार-रविवार पिठलं-भाकरीची जेवणं दिली, १८,४०० रुपये राहिलेत, मालक फोन उचलत नाहीत, बाकीच्यांनी सावध राहा. फार्महाऊसचं नाव घेऊन लिहिलं होतं.

मी दहा मिनिटांत तो मेसेज काढून टाकला. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

थोड्या वेळाने ताईंचा फोन आला. "सर, मी खोटं लिहिलं होतं का?"

म्हटलं, "तसं नाही ताई, पण ग्रुपवर भांडणं नकोत."

"मी भांडले कुठे? पैसे राहिलेत एवढंच सांगितलं. आणि हा नियम कधी ठरला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण नियम ठरलेलाच नव्हता. तो मी त्या दहा मिनिटांत मनातल्या मनात तयार केला होता. आणखी एक गोष्ट होती, ती मी फोनवर बोललो नाही. त्याच मालकाने मागच्या महिन्यात माझ्या ट्रेनिंगसाठी हॉल फुकट दिला होता. त्याच्यामुळेच मी मेसेज काढला असं मला तेव्हा वाटलं नाही. आज विचाराल तर छातीवर हात ठेवून "नाही" म्हणता येत नाही. ताईंना मात्र हॉलची गोष्ट माहीत होती. त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला आणि ग्रुप सोडला.

पुढच्याच महिन्यात ग्रुपवरच्या एका मंडपवाल्याने त्याच ठिकाणी एका लग्नाचं काम घेतलं. त्याचे २७,००० अडकले. तो मला स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर भेटला. चिडला नाही, ओरडला नाही. एवढंच विचारलं, "सर, तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

हो. मला माहीत होतं. ताईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, ते मी पुसलं होतं.

पुढे कळलं की त्या मालकाचीही एक बाजू होती. मुंबईच्या एका पार्टीने मोठं बुकिंग करून पैसे बुडवले होते. गणपतीनंतर त्याने ताईंचे पैसे हप्त्याने दिले. म्हणजे वेळेवर दोन्ही बाजू ग्रुपसमोर आल्या असत्या, तर ताई ग्रुपवर राहिल्या असत्या, मंडपवाल्याने ॲडव्हान्स घेऊन काम केलं असतं आणि मालकाचंही नाव एवढं खराब झालं नसतं. तिघांचं नुकसान झालं. आणि मी तर शांतता राखली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

पाटी दिसते, कारण दिसत नाही

२०२२ च्या ऑगस्टपासून व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय दिली. मेसेज काढला की तिथे ॲडमिनच्या नावाची पाटी दिसते, अमुक ॲडमिनने हा मेसेज हटवला. म्हणजे कोणी काढला ते सगळ्या ग्रुपला दिसतं. का काढला, तेवढंच दिसत नाही.

आता माणसाचा स्वभाव बघा. ती पाटी दिसली की पहिला प्रश्न, "काय होतं रे त्यात?" ज्याने वाचलं होतं तो दुसऱ्याला सांगतो, तो तिसऱ्याला, आणि तिसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत १८ हजारांचे ८० हजार होतात. म्हणजे मेसेज काढून तुम्ही चर्चा थांबवली नाही. ती फक्त तुमच्यासमोरून उठून मागच्या ओसरीवर गेली.

त्याच महिन्यापासून आणखी एक बदल झाला. ग्रुप सोडणारा माणूस आता गपचूप सोडू शकतो, त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. सोय चांगली आहे. पण त्यामुळे ग्रुप आतून पोखरतोय हे बाकीच्यांना पटकन समजत नाही. ताई गेल्या त्या आठवड्यात आणखी ११ जण गेले. मला दिसत होतं. मी त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नाही.

आपल्याकडच्या कोणत्याही नोकरदाराला विचारा. कर्जत लोकल बदलापूर-वांगणीच्या मध्ये थांबली, की पहिली पाच मिनिटं कोणी काही बोलत नाही. घोषणा झाली की सिग्नलमध्ये बिघाड आहे, वीस मिनिटं लागतील, तर माणसं घरी फोन करतात आणि बसून राहतात. घोषणाच झाली नाही तर पंधराव्या मिनिटाला अर्धा डबा रुळांवर उतरलेला असतो. उशीर दोन्ही वेळा तेवढाच असतो.

"पण पोलीस मलाच धरतील ना?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. "सर, उद्या कोणी वाईट लिहिलं तर ॲडमिन म्हणून माझ्यावर केस. म्हणून मी शंका आली की उडवतो."

यावर आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं. एका ग्रुपवर एका सदस्याने दुसऱ्या महिला सदस्याबद्दल घाण भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी, ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. थोडक्यात सांगायचं तर, ॲडमिनला माणसं घ्यायचा आणि काढायचा मर्यादित अधिकार असतो, सदस्य काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, आणि त्या कृत्यात त्याचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार ठरत नाही.

याचा अर्थ ग्रुपवर काहीही चालू द्या असा नाही. बाईमाणसाबद्दल कोणी घाण लिहिलं तर ते त्याच मिनिटाला काढा, कोर्टाची वाट बघू नका. मुद्दा वेगळा आहे. "कायद्याच्या भीतीने सगळंच गुपचूप उडवावं लागतं" ही सबब टिकत नाही. ताईंच्या १८,४०० रुपयांच्या मेसेजमध्ये मला कोणती कलमं लागणार होती? काहीच नाही. मला ऑकवर्ड झालं होतं, बस.

आणि एक लक्षात घ्या. हा निकाल आला तेव्हा ॲडमिनकडे दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढायचं बटण नव्हतं. ते दीड वर्षाने आलं. आपली ताकद वाढली आहे, तर ती कशी वापरली हे सांगायची सवयही वाढायला नको का?

मोठ्या कंपन्यांना तर हे नियमानेच बांधलेलं आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत असं आहे की, ज्यांचे भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत अशा सोशल मीडिया कंपनीने स्वतःहून कोणाचा मजकूर काढला, तर त्याला आधी कळवायचं, कारण द्यायचं आणि त्यावर हरकत घ्यायची संधी द्यायची. कंपन्या हे किती मनापासून करतात हा वादाचा विषय आहे. पण तत्त्व बघा. कोट्यवधी माणसं सांभाळणाऱ्यांनी कारण द्यावं अशी आपली अपेक्षा असते, आणि दोनशे माणसांचा ग्रुप सांभाळताना मात्र आपल्याला वेळ नसतो.

नियम मोघम ठेवू नका

काही जण म्हणाले, "आमच्या ग्रुपवर नियम आहेत सर." मी पाठवायला सांगितले. बहुतेकांचे असे होते: चुकीचे मेसेज टाकू नयेत. वादग्रस्त विषय नकोत. ग्रुपची शिस्त पाळावी.

आता मला सांगा, चुकीचा मेसेज म्हणजे काय? ताईंचा मेसेज चुकीचा होता का? उधारी मागणं म्हणजे वाद का? असा नियम म्हणजे तिथे नंतर काहीही लिहिता येईल असा कोरा सही केलेला चेक.

याच शब्दांवर मुंबईत मोठी केस चालली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्या नियमांत बदल केला. केंद्राच्या कामकाजाबद्दलची ऑनलाइन माहिती बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे का, हे सरकारचाच फॅक्ट चेक विभाग ठरवणार, असा तो बदल होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. अतुल चांदुरकर यांच्याकडे, प्रकरण गेलं आणि त्यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो बदल घटनेत बसत नाही असं मत दिलं. त्यांच्या कारणांपैकी एक असं की हे शब्द मोघम आहेत, त्यांची व्याख्याच नाही.

त्या केसच्या राजकारणात आपल्याला पडायचं नाही. धंदेवाईक माणसाने घ्यायचा धडा दोन ओळींचा आहे. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानेच खरं-खोटं ठरवू नये. आणि ज्या शब्दावर तुम्ही मेसेज काढणार, त्याचा अर्थ आधी सगळ्यांना माहीत पाहिजे.

मराठीतली एक उघडी चावडी

"असं सगळं उघडं ठेवून कुठे काम चालतं का?" चालतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. लिहिणारे स्वयंसेवक, सांभाळणारेही स्वयंसेवक. ॲडमिनला तिथे प्रचालक म्हणतात आणि सगळ्यांनी बोलायच्या जागेचं नावच चावडी आहे.

तिथे कोणत्याही लेखावर 'इतिहास' उघडा. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला ते दिसतं. प्रचालकाने पान काढलं तर त्याची नोंद राहते आणि नोंदीत कारण लिहायला जागा असते. एखाद्या सदस्यावर बंदी घातली तर कोणी घातली, किती दिवसांची, तेही कोणालाही बघता येतं. तिथे भांडणं होत नाहीत असं नाही, चिक्कार होतात. पण प्रचालकाने काय केलं हे समोर असतं, त्यामुळे भांडण त्या निर्णयावर होतं. "तुमचं आणि त्याचं साटंलोटं आहे" इथून सुरू होत नाही.

आणि एवढं लांब कशाला? आपल्या बचत गटातल्या बायकांना विचारा. गटाच्या पंचसूत्रीतलं एक सूत्रच हिशेब नियमित लिहिण्याचं आहे. कोणाला कर्ज दिलं, कोणाला का नाही दिलं, ते बैठकीत सगळ्यांसमोर ठरतं आणि वहीत उतरतं. ज्या गटाची वही अध्यक्षबाईंच्या कपाटात कुलपात असते, तो गट किती दिवस टिकतो ते तुम्ही बघितलंच असेल.

"कारण सांगितलं की वाद वाढतो"

हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. कारण लिहिलं की कोणीतरी म्हणतो, "मग त्याचा का नाही काढला?" अर्धा दिवस जातो. शिवाय कारण सांगताना समोरच्याची चारचौघांत अब्रू जाऊ शकते. आपल्याकडे सगळे एकमेकांच्या ओळखीतले. पुलावर रोज समोरासमोर येणार.

पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही, थोडक्यात सांगणं हा आहे. कारण मेसेजबद्दल द्या, माणसाबद्दल नको. तपशील त्याला एकट्याला फोनवर सांगा, ग्रुपवर फक्त नियमाचा नंबर टाका. एकदा उत्तर द्या, दुसऱ्यांदा वाद घालू नका. आणि "त्याचा का नाही काढला" हा प्रश्न आलाच, तर तो प्रश्न चांगला आहे. कधीकधी त्याचं खरं उत्तर "अरे हो, तोही काढायला हवा होता" असं असतं.

तुमच्या ग्रुपसाठी पाच गोष्टी

२०१८ मध्ये अमेरिकेत सांता क्लारा इथे काही संस्था आणि अभ्यासकांनी मोठ्या कंपन्यांसाठी तीन तत्त्वं मांडली. किती मजकूर काढला त्याचे आकडे द्या, ज्याचा काढला त्याला कळवा, आणि त्याला दाद मागू द्या. तेच मी आपल्या ग्रुपच्या मापाने बेतून घेतलं आहे.

१. नियम पाच ओळींत, नंबर घालून, ग्रुपच्या माहितीत लिहा. उदाहरणासकट. "वाद नको" असं नको. "उधारीची तक्रार नाव घेऊन टाकण्याआधी ॲडमिनला कळवा, समोरच्याला ४८ तास मिळतील, मग दोन्ही बाजू ग्रुपवर येतील" असं हवं.

२. मेसेज काढला की त्याच ठिकाणी दोन ओळी. नमुना देतो, तसाच कॉपी करा: "वरचा मेसेज नियम ३ प्रमाणे काढला आहे. तक्रार खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. समोरच्या बाजूला बुधवारी सकाळी ११ पर्यंत वेळ दिली आहे, त्यानंतर दोन्ही बाजू इथे टाकू."

३. ॲडमिन किमान दोन ठेवा, आणि दुसरा तुमच्या होला हो करणारा नको. ज्याला तुमचा निर्णय पटला नाही त्याने दुसऱ्याकडे जायचं. विषय ॲडमिनच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाचा, नातेवाइकाचा किंवा उपकारकर्त्याचा असेल, तर त्याने बाजूला व्हायचं आणि तसं सांगायचं. माझ्या बाबतीत मी एवढंच लिहायला हवं होतं: "या मालकांनी मला हॉल दिला होता, म्हणून हा निर्णय दुसरे ॲडमिन घेतील."

४. महिन्याच्या एक तारखेला एक मेसेज. या महिन्यात चार मेसेज काढले, तीन जाहिरातीचे, एक तक्रारीचा. कोणाला काढलं नाही. बस एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे.

५. तक्रार काढली तर तक्रारदाराला पुढची वाट दाखवा. आपल्या धंद्यात बहुतेक तक्रारी पैशांच्या असतात. माल किंवा सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची आधीपासून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि थकले तर ऑनलाइन अर्ज करता येतो. हे ताईंना मी त्या फोनवर सांगू शकलो असतो. त्याऐवजी "भांडणं नकोत" म्हणालो.

शेवटी

मी नंतर ताईंच्या घरी गेलो. मी चुकलो असं सांगितलं, हॉलची गोष्टही सांगितली. त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच माहीत होतं सर. तुम्ही बोलता का तेवढंच बघत होते." चहा दिला. ग्रुपवर मात्र परत आल्या नाहीत, आणि मी आग्रह केला नाही.

मंडपवाला अजून ग्रुपवर आहे. मागच्या महिन्यात त्याचाच एक मेसेज मी काढला, कारण त्याने दुसऱ्याच्या पोस्टखाली स्वतःचा रेट टाकला होता. खाली लिहिलं, "नियम २ प्रमाणे काढला, उद्या जाहिरातीचा दिवस आहे, तेव्हा टाका." त्याने अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रेट परत टाकला.

आज संध्याकाळी एक काम करा. तुमच्या ग्रुपवर शेवटचा मेसेज तुम्ही कोणाचा काढला ते आठवा, आणि त्या माणसाला फोन करून कारण सांगा. फोनवर कारण सांगताना जीभ अडखळली, तर समजा की तो मेसेज काढायला नको होता.

पुढच्या आठवड्यात उधारीच्या वहीवर बोलू. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसं सांभाळा.